सॅडल शिकारीचं हलकं सामान: नव्याने कसं जुळवावं

ऑक्टोबरात मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिनच्या जंगलांत धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार भरात असते. तिथल्या बऱ्याच शिकाऱ्यांनी आता पाठीवरचं लोखंडी मचाण सोडून सॅडल धरली आहे. सॅडल म्हणजे कमरेखाली बसणारी, पट्ट्यांनी शिवलेली झोळी. शिकारी दोराने खोडाला टांगून घेतो, पाय एका लहानशा फळीवर टेकवतो आणि तोंड झाडाकडे करून बसतो किंवा रेलून उभा राहतो. पद्धत नवी नाही, 1980 च्या दशकापासून काही जण ती वापरत आले आहेत; बाजार मात्र गेल्या काही वर्षांत फुगला. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तेव्हा खालची कृती अमेरिकेत राहणाऱ्या, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून रीतसर परवाना काढलेल्या माणसासाठी.

आधी सामान. सॅडल, तिच्या दोन बाजूंना जोडणारा पोटासमोरचा आखूड दोर म्हणजे ब्रिज, झाडाला बांधायचा टेथर, चढताना खोडाभोवती टाकायचा लाइनमन्स रोप, पायऱ्यांसारख्या खोडाला बांधायच्या तीन-चार क्लाइंबिंग स्टिक आणि पायाखालचा प्लॅटफॉर्म. लाइनमन्स रोप नावाप्रमाणेच विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनकडून आलेला आहे. सुरुवात एकाच कंपनीच्या पूर्ण संचाने करावी, म्हणजे दोर, गाठीची दोरी आणि कॅराबिनर एकमेकांना जुळणारे मिळतात. सुटे भाग निवडून संच बांधायची हौस दुसऱ्या मोसमासाठी ठेवा.

आता वजन. परदेशातल्या आपल्या घरांत बॅगा तोलायचा हातकाटा असतोच, त्याला एकेक वस्तू अडकवून आकडे लिहून काढा. साधारण असं दिसेल: सॅडल पाऊण ते सव्वा किलो, दोर आणि कॅराबिनर मिळून एक किलोच्या आसपास, प्लॅटफॉर्म दीड किलो, ॲल्युमिनियमच्या चार स्टिक चार ते साडेचार किलो. म्हणजे निम्म्याहून अधिक भार एकट्या धातूचा. आणि नवशिक्या हात घालतो नेमका दोराला! अकरा मिलिमीटरचा दोर काढून आठचा घेतला, तर आठ फुटांच्या दोन दोरांत मिळून दीड-पावणेदोनशे ग्रॅम वाचतात. तेवढ्यासाठी हाताला न सापडणारा बारीक दोर आणि त्याला चालणारी गाठीची वेगळी दोरी किंवा वेगळं पकडयंत्र, हा सौदा पहिल्या वर्षी करू नये. पातळ दोर वाईट असतात असं नाही. पण अकराच्या दोरासाठी बनलेलं पकडयंत्र आठच्या दोरावर घसरू शकतं, आणि हे दुकानात कळत नाही.

वजन काढायचं ते स्टिकमधून. त्यांच्यासोबत आलेल्या बकलच्या पट्ट्या काढून कंपनीनेच दिलेले दोराचे जोड लावले, तर वजनही उतरतं आणि बकलचा खणखणाटही जातो. चारऐवजी तीन स्टिक आणि खाली लोंबणारी कापडी पायरी, म्हणजे एडर, ही दुसरी वाट. मात्र एडरवर पाय आत घसरतो, शरीर खोडापासून लांब जातं. त्याची सवय जमिनीलगत करून मगच तो वर न्यावा. एकच स्टिक वर वर सरकवत चढायचं आणि दोरावरून उतरायचं, हा प्रकार व्हिडिओत फार सोपा दिसतो. पहिल्या मोसमात तो करू नका.

ब्रिज बहुधा डायनिमाचा असतो. हा धागा बारीक असून काही टनांचा ताण सोसतो, पण गुळगुळीत इतका की साधी गाठ त्यावर सरकते, म्हणून त्याची टोकं त्याच दोरात परत ओवून विणलेली असतात. तो साधारण 150 अंश सेल्सियसलाच वितळतो, म्हणून घर्षणाच्या गाठीसाठी तो वापरत नाहीत. घरच्या घरी डायनिमा कापून ब्रिज बनवायच्या फंदात पडू नका. कॅराबिनर लॉक होणाराच हवा आणि त्यावर 22 किलोन्यूटन किंवा अधिक असा छाप हवा. किल्ल्या अडकवायचे तसेच दिसणारे कॅराबिनर घरात पडलेले असतात, ते या पिशवीत येताच कामा नयेत.

जुळवणी घरामागच्या झाडावर, पाय जमिनीवर ठेवूनच करावी. शिकारीला घालणार ती जाड पँट घालून सॅडल चढवा. पट्टा कमरेच्या हाडांवर यावा, मांडीच्या पट्टीत सपाट हात जेमतेम शिरावा. टेथर कपाळाच्या उंचीवर खोडाभोवती घ्या, शेपूट त्याच्याच डोळ्यातून ओवून आवळा. टेथरवर प्रूसिक गाठ असते: सैल केली की सरकते, वजन पडलं की चावते. तिच्यातल्या कॅराबिनरमध्ये ब्रिज अडकवा आणि लॉक फिरवा. दोराच्या मोकळ्या टोकाला अडथळ्याची गाठ आहे ना, ते पाहा. नसेल तर प्रूसिक टोकावरून निसटू शकते. आता हळूहळू मागे रेला.

इथे घाई नको. पाऊण तास तसेच टांगून राहा, मोबाइलवर काहीतरी ऐका. कमरेच्या बाजू चिमटल्या तर ब्रिज थोडा लांब करा, पाठ भरून आली तर सॅडल खाली ओढा. बसायचं असेल तर टेथर नाकाच्या पातळीला आणा. ब्रिज कितीही लांब केला तरी टांगलेल्या अवस्थेत हात प्रूसिकपर्यंत पोचलाच पाहिजे, नाहीतर वर स्वतःला सोडवता येणार नाही. गुडघे खोडावर घासतात, त्यासाठी स्वस्तातले नीपॅड पुरे. मग त्याच जागी धनुष्य ओढून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याला डावीकडचा नेम सहज जमतो, उजवीकडच्या नेमासाठी फळीवर वळावं लागतं. ते वळणं इथेच अंगवळणी पडलं पाहिजे.

झाड जिवंत, सरळ आणि 25 ते 40 सेंटिमीटर व्यासाचं घ्यावं. ॲशची झाडं टाळा: त्यांना पोखरणारा हिरवा किडा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तेव्हापासून वाळलेले ॲश जागोजागी उभे आहेत. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यांनी सुटते आणि आवाज करते. सार्वजनिक जमिनीवर खोडात स्क्रू ठोकणं अनेक राज्यांत मना आहे. स्टिक आणि प्लॅटफॉर्म रात्रभर ठेवता येतात का, त्यावर नाव-पत्ता लावायचा का, हे त्या राज्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावं.

चढण्याचा क्रम असा. पाय जमिनीवर असतानाच लाइनमन्स रोप खोडाभोवती टाकून सॅडलच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांत अडकवा. पहिली स्टिक बांधा, पाय ठेवायच्या आधी खाली दाबून बसवा, चढा, दोर वर सरकवा, दुसरी बांधा. एडरशिवाय चार स्टिकांवर चौदा-पंधरा फूट मिळतात आणि नवशिक्याला तेवढे भरपूर झाले. वीस फुटांचा हट्ट धरू नये: फार उंचावरून बाण तिरपा उतरतो आणि हरणाची दोन्ही फुप्फुसं एका रेषेत मिळणं अवघड होतं. शिवाय सॅडलमध्ये खोडाच्या आड होता येतं, ती सोय मचाणावर नव्हती.

वर पोचल्यावर प्लॅटफॉर्म घट्ट बसवा, मग टेथर बांधून ब्रिज अडकवा, त्यावर थोडं वजन टाकून पारखा आणि तेव्हाच लाइनमन्स रोप सोडा. दोहोंपैकी एक तरी दोर सतत लागलेला असला पाहिजे. झाडावरून पडणं हे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या गंभीर जखमांचं मोठं कारण आहे. टेथर कायम ताणात ठेवा. हे दोर फारसे लवचीक नसतात, त्यामुळे ढिला सोडून दोन फूट जरी पडलात तरी हिसका अंगावर येतो. धनुष्य शेवटी, हलक्या दोरीने वर ओढायचं, बाण झाकलेल्या भात्यात. उतरताना हाच क्रम उलटा, आणि बहुतेक वेळा अंधारात. म्हणून हेडलँप पिशवीत नव्हे, गळ्यात असावा.

पिशवी भरताना स्टिक एकात एक बसवा, धातूला धातू लागेल तिथे कापडी टेप गुंडाळा आणि ती अंगावर घेऊन घरातले जिने चढा-उतरा. जे वाजेल त्याला आणखी टेप.

घरी आल्यावर दोर सावलीत वाळवा. नायलॉनला उन्हाने आणि बॅटरीच्या ॲसिडने इजा होते, तेव्हा गराजमध्ये जुन्या बॅटरीशेजारी तो टांगू नका. दर वेळी बोटांतून पूर्ण लांबी ओढून पाहा. चपटा, कडक किंवा केसाळ भाग लागला की दोर बाद. बाद केलेला दोर अर्धा कापून टाकावा, नाहीतर पुढच्या मोसमात तोच चुकून पिशवीत येतो.