मनाचा घोर आणि सोबतीणीचे प्रश्न



बैठक झाली की आपण बचत लिहितो, कर्जफेड लिहितो, दंड लिहितो. पण आपल्यातल्या एखादीच्या डोळ्याला पंधरा दिवस डोळा लागलेला नाही, हे कोणत्याच वहीत येत नाही. म्हणून या महिन्याचा पाठ काळजीचा. ती ओळखायची कशी, आणि गटातल्याच एखाद्या ताईने 'सोबतीण' होऊन दुसरीला आधार कसा द्यायचा, हे आज बघू. शहरात अशा मदतीला 'कोचिंग' म्हणतात. नाव नवीन आहे, पण त्यातलं बरंचसं आपल्या ओट्यावर बसून करता येण्यासारखं आहे.

काळजी अंगात कशी उतरते?

गवत कापताना अचानक साप दिसला तर काय होतं? छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, हातापायाला कंप सुटतो. शरीर आपल्याला पळायला तयार करतं. साप गेला की थोड्या वेळात सगळं शांत होतं. ही भीती आपल्या कामाची आहे, ती जीव वाचवते.

पण हप्त्याची तारीख काही साप नाही. ती दहा दिवसांवर असते, आणि शरीर मात्र दहाही दिवस पळायच्या तयारीत राहतं. मग पोटात गोळा येतो, डोकं जड होतं, लेकरांवर विनाकारण ओरडणं होतं, भाजीत मीठ दोनदा पडतं. बाई म्हणते, "मला काहीतरी झालंय." घरचे म्हणतात, "हिला काय धाड भरलीय?" काही घरांत तर थेट देवऋषी गाठला जातो.

ताई, हे नाटक नाही आणि बाहेरचंही काही नाही. मनाचा ताण शरीरातून बोलतोय. मात्र एक लक्षात ठेवा. रक्त कमी असेल किंवा थायरॉईडचा त्रास असेल तरीही धडधड होते. त्यामुळे आधी दवाखान्यात दाखवा. आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका.

सोबतीण काय करते?

सोबतीण उपदेश करत नाही. "एवढं काय मनाला लावून घेतेस", "मी नाही का सोसलं?" ही वाक्यं आपण प्रेमाने बोलतो, पण ती ऐकून समोरची गप्प होते. सोबतीण विचारते, ऐकते, आणि गुंता सोडवायला हात लावते. गाठ मात्र तिची तिनेच सोडायची.

समजा, एका ताईंनी गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतलंय. एक शेळी दगावली. सोयाबीन अजून घरातच आहे, मुलीची फी भरायचीय, आणि मालकांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्यासोबत असं बसा:

१. "काय काय डोक्यात चाललंय?" सगळं बोलू द्या. मध्ये बोलू नका. रडू आलं तर येऊ द्या.

२. "यातलं तुमच्या हातात काय आहे?" बोटांवर मोजायला लावा. सोयाबीनचा भाव हातात नाही, गेलेली शेळी परत येत नाही. पण हप्त्याबद्दल अध्यक्षांशी बोलणं, फी दोन टप्प्यांत भरता येईल का हे शाळेत विचारणं, हे हातात आहे.

३. "सगळ्यात जास्त घोर कशाचा?" इथे बहुतेक वेळा वेगळंच उत्तर येतं. पैशाचा नाही हो, बैठकीत चारचौघींत नाव पुकारतील याचा. कधी त्या म्हणतील, "मालकांना कळलं तर काय होईल याचा." घरात मारहाणीची भीती असेल तर "सांगून टाका" असा आग्रह धरू नका. महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी आहे, ते त्यांना सांगा.

४. "या आठवड्यात एकच काय कराल?" एकच. छोटं. दिवस ठरवून. "मंगळवारी सकाळी अध्यक्षांच्या घरी जाते", असं.

५. "पुढच्या आठवड्यात कधी बसू?" हा प्रश्न विसरू नका. कुणीतरी आपली वाट बघतंय, याने पाऊल उचललं जातं. काम झालं नसेल तर रागावू नका. काय आडवं आलं ते विचारा आणि पाऊल आणखी छोटं करा.

जीव फारच घाबरला असेल तर प्रश्न बाजूला ठेवा. दोघी पाय जमिनीला टेकवून बसा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. असं दहा वेळा. श्वास संथ झाला की धडधडही बसत जाते.

हे खरंच चालतं का?

झिम्बाब्वे देशात हरारे शहर आहे. तिथे २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्यांबाहेर साधे बाक ठेवले आणि वस्तीतल्या आज्यांना शिकवून त्यावर बसवलं. तिथल्या बायका आपल्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. आज्या ऐकतात, एक अडचण निवडायला लावतात, एक पाऊल ठरवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेला दिसला. पुढे याच बायका गोल करून एकत्र बसतात, मन मोकळं करतात आणि पिशव्या विणतात. आपल्या गटासारखंच!

आपल्या शेजारी गोव्यातही 'संगत' संस्थेने असंच काम केलं. डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून सरकारी दवाखान्यांत बसवलं. २०१० मध्ये त्याचा निष्कर्ष आला: त्या दवाखान्यांत उदासी आणि चिंतेचे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं. या दोन्ही ठिकाणी आधी नीट प्रशिक्षण होतं आणि पाठीशी तज्ज्ञ होते. आपल्यालाही सुरुवात छोटीच करायचीय.

सोबतीणीचे तीन नियम

- ऐकलेलं बाहेर जाणार नाही. इतिवृत्तात एक अक्षर नाही, नवऱ्याला नाही, जावेला नाही. (जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तो आधीच सांगून ठेवायचा.)
- कर्जवसुली करणारी ताई त्याच बाईची सोबतीण नको.
- औषध सांगायचं नाही, चालू असलेलं बंद करायला लावायचं नाही.

पुढे कधी पाठवायचं?

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, रोजचं काम होत नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत जा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही फोन करा, मराठीत बोलता येतं.

आणि कुणी "आता जगणं नको झालंय" म्हणाली, तर विषय बदलू नका. "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गटात करून बघा

१. दोघी-दोघींच्या जोड्या करा. दहा मिनिटं एकीने बोलायचं, दुसरीने फक्त ऐकायचं. सल्ला दिला की डाव बाद! मग अदलाबदल करा.

२. सर्वांनी मिळून ठरवा: हप्ता थकला तर बैठकीत नाव पुकारायचं, की आधी घरी जाऊन विचारायचं? वसुली तर व्हायलाच हवी. पण आपल्याच गटाच्या भीतीने कुणाची झोप उडत असेल, तर तो उपाय आपल्याच हातात आहे. ठरलेला ठराव इतिवृत्तात जरूर लिहा.

– तुमची क्षेत्र समन्वयक