उषाबेनचा रेडिओ

लालबाग हे नाव तुमच्या कानावरून गेले असेल. गावोगावची माणसे मुंबईला गेली, ती तिथल्या गिरण्यांत कामाला लागली. १९४२ साली लालबागच्या चाळींत रेडिओ क्वचितच दिसे. जिथे असे, तिथे शेजारीपाजारी जमत. पण ऐकायचे काय? रेडिओ सरकारचा, आणि सरकार इंग्रजांचे. त्यांच्या सोयीचे असेल तेच त्यावर यायचे.

त्या साली ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने ठराव केला. इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावे, असा तो ठराव. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना पकडले. बाकीचे पुढारीही तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांना खरे छापायची चोरी झाली. कुठे काय चालले आहे, ते लोकांना कळेना.

तेव्हा काही तरुण मंडळींनी ठरवले, आपणच रेडिओ चालवायचा. गुपचूप. त्यांत एक मुलगी होती, उषा मेहता. वय बावीस. लालबागेच्या दक्षिणेला गिरगाव आहे. तिथल्या चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात ती शिकली होती. पुढे कायद्याचा अभ्यास चालू होता, तो तिने सोडला.

तिचा जन्म १९२० सालचा, सुरतेजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रजी राज्यात न्यायाधीश. म्हणजे घरी काही कमी नव्हते. पण मुलगी लहानपणापासून तशीच! एकदा मुलांच्या मिरवणुकीवर पोलीस धावून आले. झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांनी काय केले? झेंड्याच्या रंगांचे कपडे शिवून अंगात घातले आणि पुन्हा रस्त्यावर आली. आता हिसकावा म्हणावे झेंडा!

रेडिओ चालवायचा तर एक यंत्र लागते. बोललेला आवाज ते लहरींवर सोडते. रेडिओची खुंटी फिरवून काटा नेमक्या आकड्यावर आणला, की दूरच्या घरात तो आवाज ऐकू येतो. यांचा आकडा होता ४२.३४ मीटर. लढाईच्या दिवसांत असे यंत्र बाळगणे हाच मोठा गुन्हा होता. शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी यांनी सामानाची मदत केली. डॉ. राममनोहर लोहिया पाठीशी होते.

ऑगस्ट संपायच्या आत रेडिओ बोलू लागला. हा काँग्रेसचा रेडिओ आहे, हिंदुस्थानातल्या कुठून तरी बोलतो आहे, असे आधी सांगत. कुठून, ते मात्र सांगत नसत! पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत. म्हणून यंत्र आज या घरात, तर काही दिवसांनी दुसऱ्या घरात.

बातम्या कसल्या? जमशेदपूरचा संप. चितगावावर पडलेले बाँब. आणि आपल्या विदर्भातले आष्टी आणि चिमूर. तिथे लोक उठले, गोळीबार झाला, मग फौजेने घराघरांत घुसून बायकांवर अत्याचार केले. हे छापायला वर्तमानपत्रे धजत नव्हती. ते या रेडिओने सांगितले. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनाही ते ऐकता आले.

तीन महिनेही झाले नाहीत, तोच एक तंत्रज्ञ पोलिसांना फितूर झाला. १२ नोव्हेंबर १९४२ ची रात्र. गिरगावातल्या पारेखवाडीत उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी काम करत होते. वेळ कठीण आहे हे उषाबेनना आधीच कळले होते, तरी त्या गेल्या. शेवटी 'वंदे मातरम्'ची तबकडी लावली, तोच दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक तीन दारे फोडून पोलीस आत आले. "बंद करा!" असा हुकूम झाला. दोघांनी तबकडी काही बंद केली नाही.

पुढे सहा महिने चौकशी चालली. उषाबेनना एकटीला कोंडून ठेवले. साथीदारांची नावे सांग, तुला परदेशी शिकायला पाठवतो, असे आमिषही दाखवले. त्या बोलल्या नाहीत. कोर्टात त्यांनी न्यायाधीशांना विचारले, "मी उत्तर दिलेच पाहिजे का?" ते म्हणाले, "नाही." मग त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. चार वर्षांची सजा झाली. रवानगी येरवड्याला. तिथे प्रकृती ढासळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणले, तर खाटेपाशी रात्रंदिवस पोलीस! १९४६ च्या मार्चमध्ये त्या सुटल्या.

पुढे त्यांनी गांधीजींच्या विचारांवर पीएच. डी. केली आणि मुंबईत राज्यशास्त्र शिकवले. लग्न केले नाही. १९९८ साली सरकारने पद्मविभूषण दिले. दर ९ ऑगस्टला त्या गवालिया टँकला जात. त्याला आता ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. २००० साली अंगात ताप होता, तरी गेल्या. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, वारल्या.

एक सांगायचे राहिले. हा रेडिओ बोलत असे, तेव्हा पोलिसांचेही लोक कान लावून बसत. कोर्टात पुरावा व्हावा म्हणून ते शब्द न् शब्द उतरवून घेत. ते कागद सरकारी दप्तरात राहिले. २०२१ साली ते पुस्तकात छापून निघाले. आज त्या रेडिओचे शब्द आपल्याला वाचता येतात, ते पोलिसांच्या टिपणांवरून.