वस्तूंवर उमटणारीं प्रकाशचित्रें

भिंत, थाळी किंवा स्वतःचा तळहात हींच पुस्तकाचीं पानें झालीं तर? ही कल्पना ऐकून नवल वाटेल. परंतु तिचें मूळ महाराष्ट्रांत जुनें आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें, कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिवा व भिंग यांच्या साह्यानें पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला.

पुढें पडद्याची जागा नित्याच्या वस्तूंनीं घेतली. पवईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनीं अमेरिकेंत सिद्ध केलेलें ‘सिक्स्थ सेन्स’ हें साधन २००९ सालीं जगापुढें आलें. त्यांत गळ्यांतील कॅमेरा वस्तु व बोटें पाही, संगणक त्यांचा अर्थ लावी, आणि लहानसा प्रक्षेपक उत्तर त्याच वस्तूवर उमटवी. मनगटावर बोटानें वर्तुळ काढिलें कीं तेथें घड्याळ दिसे!

यांतील अडचणी समजण्यास एक प्रयोग करूं. पुठ्ठ्यास चौकोनी भोंक पाडून तो विजेरीपुढें धरावा आणि अंधारांत प्रकाश पांढऱ्या थाळीवर, काळ्या पाटीवर व गोल माठावर पाडावा. थाळीवर चौकोन स्वच्छ दिसतो. पाटी बराचसा प्रकाश गिळते. माठावरील चौकोन बाजूनें पाहिल्यास वांकडा दिसतो. विजेरी दुप्पट दूर नेली कीं तोच प्रकाश सुमारें चौपट जागेवर पसरून मंद होतो. म्हणून यंत्रास वस्तूचा रंग, आकार व अंतर आधीं जाणून चित्र त्या मानानें बदलावें लागतें. ह्या कामीं गणित व चित्रकला दोन्ही लागतात. आपल्या लोणी काळभोर येथील एमआयटी आर्ट, डिझाईन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठांत कला व अभियांत्रिकी एकाच आवारांत शिकवितात, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

ही केवळ करमणूक नव्हे. कांहीं रुग्णालयांत हातावर अवरक्त किरण सोडितात. शिरांतील रक्त ते अधिक शोषून घेतें. त्यावरून शिरांचा नकाशा त्वचेवरच प्रकाशानें रेखाटिला जातो. लहान मुलास सुई टोंचतांना याचा उपयोग होतो. तरीहि शीर किती खोल आहे, हें तें चित्र नीट सांगत नाहीं. म्हणून कुशल परिचारिका बोटानें चांचपून पाहतेच.

पालकांनीं मुलांस हाच धडा द्यावा अशी आमची विनंति आहे. वस्तूवर उमटलेला प्रकाश वाट दाखवील. पण वस्तूची पारख डोळसपणें व हातानें करावयाची संवय सुटूं देऊं नये.