दुसरी रेघ उमटली नाही तर

पोरी, घरात कोविडच्या अँटिजेन चाचणीचं किट आणून ठेवलंस ते बरंच केलंस. सासऱ्यांना मधुमेह, त्यात पुतणी शाळेत जाणारी, म्हणजे सर्दी-खोकला येत-जात राहणारच. प्रयोगशाळेत माझी उभी हयात गेली, तेव्हा चार गोष्टी सांगते. दोन रेघा आल्या तर विश्वास ठेव आणि कामाला लाग. एकच आली तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नकोस. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

असं का, ते समजून घे. प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचं जनुकीय द्रव्य असेल तेवढं घेऊन मशीन त्याच्या लाखो-करोडो प्रती काढतं, म्हणून चिमूटभर असलं तरी सापडतं. अँटिजेनच्या पट्टीत असं काही वाढवलं जात नाही. नाकातून विषाणूचं जेवढं प्रथिन येईल तेवढंच पट्टीवरून सरकत जातं आणि पुरेसं असेल तरच ‘टी’ अक्षराजवळची दुसरी रेघ रंगते. २०२० च्या जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशात पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली, तेव्हाच्या तपासणीत ते किट बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्क्यांनाच पकडत होतं. बाधा नसलेल्याला मात्र ते ९९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ‘नाही’ म्हणत होतं. म्हणूनच तेव्हा नियम झाला की लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करायचीच. तो नियम तू आजही घरात पाळ.

ताप आला त्याच सकाळी किट फोडायची घाई लोकांना फार. कर हवं तर, पण निगेटिव्ह आलं तर सासऱ्यांच्या खोलीत चहा घेऊन जाऊ नकोस. मास्क लाव, वेगळी झोप आणि ४८ तासांनी पुन्हा कर. लक्षणं असतील तर दोनदा. लक्षणं नाहीत, नुसता बाधिताशी संपर्क आलाय, तर दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीनदा. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ही चाचणी सगळ्यात जास्त उपयोगी पडते, पुढे तिची पकड ढिली होते. दहाव्या दिवशी केलेल्या निगेटिव्ह चाचणीवरून ‘मला कोविड नव्हताच’ असं म्हणता येत नाही.

आता हाताचं काम. अर्ध्या चुका इथेच होतात. किट फ्रिजमध्ये असेल तर आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ दे. तारीख बघ. पाकीट फोडलं की पट्टी लगेच वापर, दमट हवेत उघडी ठेवू नकोस. त्याआधी नाक शिंकरून घे. स्वॅब नुसता नाकपुडीच्या तोंडाशी टेकवून काढायचा नाही. आपल्या पुण्यातल्या मायलॅबचं कोविसेल्फ २०२१ च्या मे महिन्यात घरी करण्यासाठी मंजूर झालं, त्यात स्वॅब दोन ते चार सेंटिमीटर आत घालून दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायला सांगितलंय. डोळ्यांत पाणी येतं, येऊ दे. मग नळीतल्या द्रवात तो नीट घुसळ आणि पट्टीवर सांगितलेत तेवढेच थेंब टाक. हे थेंब प्रत्येक किटचे वेगळे, म्हणून आतला कागद दरवेळी वाच.

आणि घड्याळ लाव. कोविसेल्फमध्ये पंधरा मिनिटांनी बघायचं, वीस मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही. तासाभराने केराच्या डब्यातून काढून ‘अगं, रेघ आलीय’ म्हणणारे मी पाहिलेत. ती रेघ वाचायची नाही. वेळेत आलेली टीची रेघ मात्र कितीही फिकट असो, पॉझिटिव्हच. उजेडात धरून बघ, पण ‘जरा अस्पष्ट आहे’ म्हणून स्वतःची समजूत काढू नकोस. ‘सी’ अक्षराजवळची, म्हणजे चाचणी नीट झाल्याची खूण असलेली रेघच नसेल तर चाचणी बाद, नवीन किट घे.

एक बारीक गोष्ट राहिली. गावात साथ नसताना, कोणाला काही होत नसताना सगळ्यांच्या चाचण्या करत बसू नकोस. समजा हजार धडधाकट माणसांत पाचच बाधित आहेत. पट्टी त्यातले तीन पकडेल आणि उरलेल्या ९९५ मधल्या चार-पाचजणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवेल. अशा वेळी दुसरी रेघ आली तर आरटी-पीसीआरने खात्री करून घ्यावी. साथीच्या दिवसांत ताप, घसादुखी असताना आलेल्या रेघेला मात्र अशी शंका घ्यायची नाही.

सासऱ्यांना दम लागला किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेलं तर किटला हात लावण्यात वेळ घालवू नकोस. रेघ एक असो की दोन, आधी डॉक्टर गाठ. आजार किती वाढलाय ते ही पट्टी सांगत नाही. जाताना पट्टीचा वेळेसकट फोटो जवळ ठेव, डॉक्टरांना लागतो.