धूर, शेजारी आणि लोकमत

(मोठ्या वर्गांसाठी व मंडळीतील चर्चेसाठी अभ्यासपाठ)

प्रवासी गाडीत 'धूम्रपान करू नये' अशी पाटी लावलेली असे आणि नेमका तिच्याच खाली बसून कोणीतरी विडी शिलगावीत असे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असेल. शेजारची बाई पदर नाकाला लावी, मांडीवरचे मूल खोकू लागे. पण "अहो, तेवढी विडी विझवा" असे म्हणणारा क्वचितच निघे. पाटीच्या मागे नियम होता, लोकांचे मत नव्हते. आजच्या पाठात आपण याच गोष्टीचा विचार करणार आहो. बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी घालायची तर आधी लोकमत अनुकूल व्हावे लागते, की कायदा आधी करावा आणि लोकमत मागून येते? आणि लोकमत म्हणतात ते नेमके कोणाचे मत?

उदाहरणादाखल आपण आयर्लंड व ब्रिटन हे देश घेऊ, कारण तेथे हा वाद घरोघरी, वर्तमानपत्रांत व लोकसभेत उघडपणे झाला. शेवटी आपल्या देशाकडे वळू.

१. पब म्हणजे काय?

'पब' हा 'पब्लिक हाउस' या नावाचा संक्षेप. तेथे मद्य विकले जाते. परंतु तेवढ्यावरच त्याची ओळख संपत नाही. संध्याकाळी गावातले लोक तेथे जमतात, जेवतात, गप्पा मारतात, गाणी म्हणतात, फुटबॉलचा सामना पाहतात. मद्यपानाचा प्रश्न मोठा आहे, पण तो या पाठाचा विषय नव्हे. येथे एवढेच लक्षात ठेवावे की पबमध्ये एका हाती पेला व दुसऱ्या हाती सिगारेट ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. कचेरीत, आगगाडीत किंवा चित्रपटगृहात बंदी घातली तर लोक ऐकतील, पण पबमध्ये ती कधीच चालणार नाही, असे शहाणी माणसेसुद्धा म्हणत.

२. दुसऱ्याचा धूर

पूर्वी समज असा होता की ओढणाऱ्याचे नुकसान ओढणाऱ्यालाच. १९८१ साली जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्यांनी १४ वर्षे नोंद ठेवली होती. ज्यांचे पती सिगारेट ओढीत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे इतर देशांतील अभ्यासांनीही तीच दिशा दाखवली. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्ट सांगितले की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही.

ब्रिटनमधील लोकांना ही गोष्ट आकड्यांपेक्षा एका माणसामुळे अधिक पटली. रॉय कॅसल हे तेथील लोकप्रिय कलावंत व ट्रंपेटवादक. ते स्वतः सिगारेट ओढीत नसत. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, तेव्हा वर्षानुवर्षे धुराने भरलेल्या क्लबांत वाजवल्यामुळे हे झाले असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. १९९४ साली ते वारले.

येथे कोणी विचारील, "पंखे लावले किंवा खोलीत वेगळा कोपरा केला तर?" धूर कोपऱ्यात बसून राहत नाही. पंख्याने तो पातळ होतो, नाहीसा होत नाही. शिवाय सिगारेटच्या जळत्या टोकाचा धूर कोणत्याही गाळणीतून न जाता थेट खोलीत पसरतो. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला मुख्यतः तोच येतो.

३. जसा प्रश्न, तसे उत्तर

आता लोकमताकडे येऊ. ब्रिटनमध्ये सरकारी सांख्यिकी कार्यालय ठरावीक काळाने लोकांची मते विचारीत असे. पबमध्ये धूम्रपानावर काही निर्बंध असावेत असे म्हणणारे १९९६ साली सुमारे निम्मे होते; २००४ साली ते सुमारे दोन-तृतीयांश झाले. उपाहारगृहांबाबत तर दहांतले नऊ जण निर्बंधाच्या बाजूचे होते. हे ऐकून वाटेल, लोकमत तयार झाले!

परंतु त्याच २००४ साली पबमध्ये 'संपूर्ण बंदी' हवी काय, असे पाहू गेल्यास 'होय' म्हणणारे एक-तृतीयांशाहूनही कमी निघाले. पुष्कळांना मधला मार्ग हवा होता: बहुतेक जागा धूरमुक्त असावी, थोडी ओढणाऱ्यांसाठी राखावी. वर्ष तेच, देश तोच; पण प्रश्न बदलला की बहुमत या बाजूचे त्या बाजूला जाई. म्हणून दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा आकडा पुढे करीत, आणि दोघेही खोटे बोलत नसत.

सरकारनेही मधलाच मार्ग धरला. नोव्हेंबर २००४ मध्ये इंग्लंडसाठी अशी योजना मांडली गेली की जेथे जेवण मिळते त्या पबमध्ये बंदी असावी. जेथे फक्त पेय मिळते त्या पबना आणि सभासदांच्या क्लबांना सूट असावी. वरवर पाहता हे समंजसपणाचे वाटते. पण डॉक्टरांनी व आरोग्य-कार्यकर्त्यांनी विचारले: जेवण न देणारे पब अधिक कोठे आहेत? गरीब कामगारवस्त्यांत. म्हणजे जेथे धूर सर्वांत दाट, तेथल्याच नोकराला संरक्षण नाही! जेवणाच्या थाळीवरून माणसाच्या फुप्फुसाची किंमत ठरवावी काय?

१४ फेब्रुवारी २००६ रोजी लोकसभेत सभासदांना पक्षादेश न लावता मत देण्याची मोकळीक मिळाली. ३८४ विरुद्ध १८४ मतांनी सर्व पब व क्लबांत बंदी मान्य झाली. स्कॉटलंडमध्ये ती २६ मार्च २००६ पासून आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून लागू झाली. वेल्स व उत्तर आयर्लंड येथेही २००७ मध्येच झाली.

४. आयर्लंडने काय दाखवले?

ब्रिटनच्या आधी आयर्लंडने हे पाऊल टाकले होते. सर्व बंदिस्त कामाच्या जागी, पबसुद्धा, धूम्रपानबंदी करणारा तो जगातील पहिला देश. दिनांक २९ मार्च २००४. त्या सरकारने प्रश्नाची मांडणीच बदलली. "गिऱ्हाइकाला ओढू द्यावे काय?" असे न विचारता "नोकराला आठ तास धुरात उभे करावे काय?" असे विचारले. गिऱ्हाईक तासाभरात उठून जाईल. पेले भरणारी मुलगी कोठे जाणार? लोकमताच्या मोजणीत हजार माणसांत तिचे मत एखादेच, पण श्वास सर्वांत अधिक तिचाच पणाला लागलेला.

आणि मग नवल घडले. कायद्यापूर्वी आयर्लंडमधील धूम्रपान करणाऱ्यांपैकी पबमधील संपूर्ण बंदीस केवळ १३ टक्के अनुकूल होते. कायद्यानंतर वर्षाच्या आत हेच प्रमाण ४६ टक्के झाले, आणि कायदा ही चांगली गोष्ट झाली असे ८३ टक्क्यांनी सांगितले. हे न ओढणाऱ्यांचे मत नव्हे, ओढणाऱ्यांचे होय!

सिगारेट न ओढणाऱ्या पब-नोकरांच्या लाळेची तपासणीही झाली. निकोटिनपासून शरीरात तयार होणारा कोटिनिन नावाचा पदार्थ वर्षभरात ८० टक्क्यांनी उतरला. त्याच काळात, जेथे बंदी नव्हती त्या शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये तो केवळ २० टक्क्यांनी उतरला होता.

५. विरोधकांचे ऐकून घेऊ

विरोध करणारे सगळे तंबाखू कंपन्यांचे हस्तक होते, असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांचे तीन आक्षेप होते.

पहिला, स्वातंत्र्य. "प्रौढ माणसाने काय ओढावे हे सरकारने सांगू नये." हे म्हणणे हलके नाही. पण या कायद्याने ओढण्यास मनाई केली नाही. दुसऱ्याला ओढावयास लावण्यास मनाई केली. दाराबाहेर जाऊन ओढण्याची मोकळीक राहिलीच.

दुसरा, धंदा. त्यानंतरच्या वर्षांत बरेच पब बंद पडले हे खरे. दुकानातील स्वस्त मद्य, २००८ ची आर्थिक मंदी ही कारणेही त्यात होती. तरी काही लहान मालकांना या कायद्याची झळ बसली हे नाकारू नये.

तिसरा, "पबमध्ये बंदी केली तर बाप घरी येऊन मुलांच्या तोंडावर धूर सोडील." ही भीती मोलाची होती, म्हणून स्कॉटलंडमध्ये ती तपासून पाहिली. तेथील प्राथमिक शाळेतील मुलांच्या शरीरातील कोटिनिन वाढले नाही. उलट सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले.

तरीही कायदा केला की लोकमत आपोआप वळते, असा धडा घेऊ नये. नेदरलँड्समध्ये २००८ साली अशीच बंदी आली. नोकर न ठेवता स्वतः गुत्ता चालवणाऱ्या लहान मालकांनी नेट धरला, आणि २०१० मध्ये त्यांना सूट द्यावी लागली. ती सूट पुढे न्यायालयाने २०१४ साली रद्द केली. कारण नीट समजावून दिले नाही तर कायदाही डळमळतो.

६. आपल्या देशात

आपल्याकडे गोष्ट उलट घडली. गोव्याने सार्वजनिक जागी धूम्रपान व थुंकण्यास मनाई करणारा कायदा १९९७ मध्येच केला. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दवाखाने, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी देशभर बंदीचा आदेश दिला. २००३ मध्ये संसदेचा कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून उपाहारगृहे, कचेऱ्या व कारखाने यांनाही लागू होणारे नियम अमलात आले. दंड २०० रुपयांपर्यंत. मात्र तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, तीस किंवा अधिक जणांची बैठक असलेली उपाहारगृहे व विमानतळ यांना वेगळी धूम्रपान-खोली ठेवण्याची सवलत राहिली.

न्यायालय, संसद, नियम, सर्व झाले. पण ब्रिटनसारखी घरोघर चर्चा झाली नाही. कायदा वरून आला. मत खालून उगवले नाही. परिणाम काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत बंदिस्त जागी काम करणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता, आणि घरात सुमारे ३९ टक्के प्रौढांना. घरात तर कोणताच शिपाई येत नाही. तेथे फक्त मतच काम करू शकते.

म्हणून आम्हास वाटते की लोकमत ही नुसती मोजण्याची वस्तू नव्हे, ती घडवण्याची वस्तू आहे. आणि घडवताना ज्याचा आवाज सर्वांत बारीक, त्याला आधी विचारले पाहिजे. पबमधील ती पेले भरणारी मुलगी आपल्याकडे कोण आहे? चहाच्या टपरीवरचा पोऱ्या, लग्नाच्या हॉलमधला वाढपी, कचेरीतला शिपाई, साहेबांच्या बंद गाडीचा चालक, आणि घरातली सून व तान्हे मूल. यांपैकी कोणीही "बाहेर जाऊन ओढा" असे म्हणू शकत नाही. मग ते कोणी म्हणावे? ज्याला म्हटल्याने नोकरी जाणार नाही, त्याने. म्हणजे बहुधा आपणच.

शिक्षकांसाठी सूचना

पाठ सुरू करण्यापूर्वी वर्गाचे दोन गट करावेत. एका गटास विचारावे, "लग्नाच्या हॉलमध्ये ओढणाऱ्या पाहुण्यांसाठी एक कोपरा राखावा काय?" दुसऱ्यास विचारावे, "हॉलमध्ये वाढणाऱ्या मुलाने दिवसभर धुरात राबावे काय?" दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत व मगच पाठ घ्यावा. ज्या मुलांचे वडील किंवा आजोबा विडी-सिगारेट ओढतात त्यांना वर्गात लाज वाटेल असे काही बोलू नये. सवय सोडणे कठीण असते. दाराबाहेर जाणे तितके कठीण नसते.

चर्चेसाठी प्रश्न

१. बहुमत विरुद्ध असेल तर दुर्बळाचे संरक्षण करणारा कायदा करावा काय? केल्यास तो कसा टिकेल?

२. 'जेवण देणारे' व 'न देणारे' पब असा भेद का टिकला नाही? आपल्याकडील तीस खोल्यांच्या व तीस जणांच्या सवलतीस तोच आक्षेप लागू पडतो काय?

३. पाहुणा वडीलधारा असेल आणि तो आपल्या घरात सिगारेट काढील, तर त्याचा मान राखून आपण काय म्हणाल? प्रत्येकाने एक वाक्य तयार करून मोठ्याने म्हणून दाखवावे.