नानांच्या तबकड्या

(तबकडीवरचा जुना आवाज संगणकात कसा साठवतात, हे लेखिकेने या पाठात घरातल्या एका अनुभवाच्या आधारे सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ग्रामोफोनची तबकडी तुमच्यापैकी किती जणांनी हातात घेऊन पाहिली आहे? फार थोड्यांनी पाहिली असेल. पण हा शब्द तुम्हाला परका वाटू नये. तुमच्या उर्दूतला 'तबक' मराठीने केव्हाच आपला केला. लहान तबक ती तबकडी. आमच्या घरातली जुनी माणसे तर तिला सरळ 'तवा' म्हणत. काळी, गोल आणि जड! तव्यासारखीच ती दिसते.

दारव्हा हे माझे आजोळ. माझे नाना कामासाठी अकोल्याला जात आणि परत येताना एखादी तबकडी घेऊन येत. त्या काळी मूर्तिजापूर ते यवतमाळ 'शकुंतला' ही छोटी रेल्वेगाडी धावत असे. तबकडी फुटू नये म्हणून नाना ती सारा वेळ मांडीवर धरून बसत, असे नानी सांगतात. नाना गेले, रेकॉर्ड प्लेअर बंद पडला आणि तबकड्या एका पत्र्याच्या पेटीत गेल्या. दोन वर्षांपूर्वी नानी मला म्हणाल्या, "बेटी, त्यातली ती एक कव्वाली मला एकदा ऐकव." त्या तबकडीवरचा कागद कसरीने खाल्ला होता. गायकाचे नाव गेले होते. नाव नसेल तर बाजारात किंवा इंटरनेटवर शोधणार तरी काय? आमच्यापुरती ती एकच प्रत होती.

पेटीत दोन प्रकारच्या तबकड्या होत्या. काही मोठ्या व लवचीक होत्या. त्यांना 'एलपी' म्हणतात. त्या विनाइल नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. अमेरिकेत १९४८ साली त्या प्रथम विक्रीस आल्या. त्या मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेतात आणि एका बाजूवर वीसेक मिनिटांचे गाणे मावते. दुसऱ्या तबकड्या लहान, जड आणि काचेसारख्या ठिसूळ होत्या. त्या मिनिटाला ७८ फेरे घेतात आणि तीन-साडेतीन मिनिटांत संपतात. नानींची कव्वाली अशाच तबकडीवर होती. तिचा अर्धा भाग एका बाजूला आणि उरलेला दुसऱ्या बाजूला होता.

ही ७८ फेऱ्यांची तबकडी कशाची बनत असे, माहीत आहे का? लाखेची! पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. त्यांच्या अंगातून जो चिकट पदार्थ पाझरतो, तीच लाख. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या जिल्ह्यातली रानेच्या राने पळसाने लाल होतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. अशा झाडांवरच्या किड्यांची लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र करून तबकडी दाबत. भारतातली लाख जगभरच्या कारखान्यांना जात असे.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या वेळी तबकड्या जर्मनीतील हॅनोवर शहरात तयार होत. गाणे संपताच गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. ही तबकडी कोणाची हे तिथल्या कामगारांना कळावे, असा त्यामागचा हेतू असल्याचे म्हणतात. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. पण त्यांचा आवाज आपण आजही ऐकतो तो अशाच लाखेच्या तबकड्यांमुळे. जो राग ते मैफलीत तास तास गात, तो त्यांनी तीन मिनिटांत बसवला!

आता माझी चूक सांगते. कव्वालीच्या तबकडीवर बुरशी आली होती. इंजेक्शन देण्यापूर्वी हाताला लावतात ते स्पिरिट घरात होते. ते कापसावर घेऊन मी कडेपासून पुसायला सुरुवात केली. कापूस काळा झाला. मला वाटले, मळ निघाला! प्रत्यक्षात लाखच विरघळत होती. लाख पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा कोणताही कारागीर हे मला सांगू शकला असता; पण मी विचारलेच नाही. पहिल्या बाजूचा कडेचा बोटभर भाग चोपडा झाला. कव्वालीची सुरुवात त्याच भागात होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क चाचांकडे गेले. त्यांच्याकडे चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर होता. माझ्याकडे लॅपटॉप होता. तार जोडली की झाले, असे मला वाटत होते. आम्ही आधी एक एलपी लावून पाहिली. आवाज अगदी क्षीण व पातळ आला. डग्गा तर ऐकूच येईना.

चाचांनी कारण समजावून सांगितले. तबकडीवर नागमोडी खाच असते. खाचेतून फिरताना सुई थरथरते. सुईच्या वरच्या बाजूला चुंबक व तारेचे वेटोळे असते. त्या थरथरीमुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. पण ती फक्त पाच मिलिव्होल्टच्या आसपास असते. शिवाय खर्जातल्या आवाजाची खाच फार रुंद होते आणि तबकडीवरची जागा खाते. म्हणून मुद्रण करताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. ऐकताना हा हिशोब उलटा करावा लागतो. हे काम 'फोनो प्रीअॅम्प' नावाची लहानशी पेटी करते. ती मध्ये जोडताच डग्गा घुमू लागला. पण सोबत 'घूंऽऽ' असा आवाजही येऊ लागला! प्लेअरची अर्थिंगची बारीक तार लोंबकळत होती. ती पेटीच्या स्क्रूला आवळली आणि घूं बंद झाली.

प्रीअॅम्पची तार संगणकाच्या 'लाइन इन' मध्ये लावायची, माइकच्या भोकात नाही. तिथे आवाज फाटतो. माझ्या लॅपटॉपला लाइन इन नव्हते, म्हणून यूएसबीला लागणारे एक स्वस्त यंत्र घ्यावे लागले. ते यंत्र विजेचे आकड्यांत रूपांतर करते. भूमितीच्या तासाला तुम्ही आलेखावर बिंदू मांडता ना? तसेच ते एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून लिहून ठेवते. एका मिनिटाचे सुमारे दहा एमबी होतात. 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्रॅममध्ये ही नागमोडी रेघ डोळ्यांना दिसते. तिची टोके वरच्या मर्यादेला टेकता कामा नयेत. टेकली तर तिथला आवाज कायमचा कापला जातो. यात घाई चालत नाही. वीस मिनिटांची बाजू साठवायला वीस मिनिटेच लागतात.

मग कव्वालीची पाळी आली. ७८ ची खाच रुंद असते, म्हणून तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. चाचांनी ती एका जुन्या डबीतून शोधून काढली. तबकडी ओलसर मऊ फडक्याने हलकेच पुसली, नुसत्या पाण्याने! सुई टेकवली. आधी नुसती खरखर आली. सुई दोनदा घसरली. मग एकदम आवाज उमटला; पण सुरुवातीच्या ओळी गेल्याच होत्या. दुसरी बाजू मात्र पूर्ण निघाली. प्रोग्रॅमच्या मदतीने थोडी खरखर कमी केली. ती फार कमी केली की तबल्याची थापही बोथट होते. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवली आणि दुरुस्ती तिच्या नकलेवर केली.

रविवारी मी दारव्ह्याला गेले. नानींना काय झाले ते खरे खरे सांगितले आणि फाइल सुरू केली. खरखर सुरू होताच नानींनी हात वर केला. "थांब," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून गेलेल्या ओळी त्यांनी स्वतःच म्हटल्या. आवाज कापत होता, पण एकही शब्द चुकला नाही. मी लॅपटॉपचा माइक चालू केला आणि म्हटले, "नानी, पुन्हा एकदा म्हणा ना."

आता त्या फोल्डरमध्ये तीन फाइली आहेत: पहिली बाजू, दुसरी बाजू आणि नानी.

स्वाध्याय

१. लेखिकेला कव्वाली इंटरनेटवर का शोधता आली नाही?
२. कापूस काळा का झाला?
३. एलपीमधला डग्गा आधी का ऐकू आला नाही?
४. तबक, कारागीर, मैफल, हिशोब हे शब्द उर्दूत कसे लिहितात? मराठीत आलेले असे आणखी पाच शब्द शोधा.
५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला पाठ असलेले एखादे जुने गाणे किंवा कहाणी ऐका व मराठीत आठ-दहा ओळी लिहा.