सायकलवर हेल्मेट घालावे का?
(इयत्ता चौथी)

मित्रांनो, पुढच्या वर्षी आपल्यातले पुष्कळजण पाचवीला शेजारच्या गावी हायस्कूलमध्ये जाणार. तेही सायकलने. त्या डांबरी रस्त्यावरून एसटी, डंपर, उसाच्या ट्रॉल्या जातात. म्हणून हा लेख नीट वाचा.

मोटारसायकल चालवणाऱ्याला हेल्मेट घालावेच लागते. तसा १९८८ सालचा कायदा आहे. पण सायकलला इंजिन नाही, म्हणून तो कायदा सायकलला लागत नाही. मग आपण हेल्मेट घालावे की नको? यावर जगभर वाद चालतो.

हेल्मेट काय काम करते?
सायकलच्या हेल्मेटला बाहेरून पातळ टणक कवच असते. आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो ना? मग हाताला कमी लागते. तसेच हे. डोके आपटले की आतला थर चेपतो आणि बराचसा मार तोच खातो. मोडलेला हात जुळून येतो, पण मेंदूला मार बसला तर माणूस पहिल्यासारखा होईलच असे नाही.

करून पाहा : एक जुनी पणती गुडघ्याच्या उंचीवरून जाड थर्माकोलवर टाका. मग तीच फरशीवर टाका. काय फरक दिसला?

वाद कशाचा?
ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली सायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचे केले. डोक्याच्या जखमा कमी झाल्या. पण मोजणी केली तेव्हा सायकलवर मुलेही कमी दिसली. मग काहीजण विचारू लागले, जखमा हेल्मेटमुळे कमी झाल्या, का मुलांनी सायकल सोडली म्हणून?

नेदरलँड्स देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तरी तिथे बहुतेक लोक हेल्मेट घालत नाहीत. पण १९७१ साली त्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत ४०० हून जास्त मुले मेली होती. तेव्हा आईबाप आणि मुले रस्त्यावर उतरली. पुढे तिथे सायकलसाठी वेगळे रस्ते झाले. म्हणजे त्यांनी आधी रस्ता सुधारला.

आपण काय करावे?
म्हातारी माणसे म्हणतात, "आम्ही जन्मभर सायकल हाणली, डोक्यावर टोपीशिवाय काही नव्हतं." खरे आहे. पण तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या होत्या, आता डंपर आहेत. आणि हेल्मेट काही डंपरला अडवत नाही. ते पडल्यावर उपयोगी पडते. पडूच नये म्हणून रस्ता चांगला हवा. मला वाटते दोन्ही पाहिजे. हेल्मेट घरचे आणतील. पण साइडपट्टीवरची बाभळ तोडणे आणि खड्डे बुजवणे हे मोठ्या माणसांनी मिळून करायचे काम आहे. त्यांनी ते आपण पाचवीला जायच्या आत करावे.

लक्षात ठेवा :
१) हेल्मेट कपाळावर यावे, भुवईच्या वर दोन बोटे. मागे सरकवू नये.
२) हनुवटीखालचा पट्टा लावावाच.
३) एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.
४) वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट आपल्याला ढिले आणि जड होते. ते चालत नाही.
५) डबलसीट बसून मस्ती करू नये. ब्रेक रोज पाहावा.

सांगा पाहू : आपल्या गावापासून हायस्कूलपर्यंत धोक्याची वळणे किती? मोजा आणि खाली कागद लावलाय, त्यावर लिहा.